‘आग!’ म्हणणारे चाळीस, चूक सांगणारा एक

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. दोन खोल्यांच्या घरात दिवे मालवलेत. उजेड आहे तो फक्त लॅपटॉपचा आणि त्या उजेडात बारावीतला एक मुलगा कानांवर हेडफोन चढवून मान डोलवतोय. आई दोनदा डोकावून गेली. ‘झोप आता,’ हे तिचं वाक्य हेडफोनवर आपटून परत गेलं. हे घर कल्याणचं असेल, नागपूरचं असेल, नाहीतर इंदूर-बडोद्याकडचंही असेल. मुलाला नाद लागलाय तो ‘बीट’ बनवण्याचा! उद्या दुपारी बारापर्यंत ती स्पर्धेला पाठवायची आहे.

पाठवण्याआधी त्याने ती मित्रांना ऐकवली. चाळीसएक जणांनी दाद दिली. ‘आग!’, ‘जाळ काढलास भावा!’, ‘नंबर पक्का!’ आठवड्याने निकाल लागला. पहिल्या तिनांत नाव नाही, पहिल्या दहांतही नाही. ६० जणांत हा ३७वा! सोबत एका परीक्षकाच्या दोन ओळी : ‘किक आणि बेस एकमेकांना खाताहेत. दीड मिनिटानंतर काही घडतच नाही.’

मुलाचं डोकं फिरलं. परीक्षकाला काही कळत नाही, ओळखीवाल्यांनाच बक्षिसं मिळतात, आधीच ठरलेलं असतं सगळं... तीन दिवस घरात हाच पाढा. चाळीस जणांची ‘आग’ त्याला खरी वाटली आणि एकाच्या दोन ओळी खोट्या! त्याची चूक काढण्यात अर्थ नाही. चाळिशी-पन्नाशीतली शहाणी माणसंही याहून वेगळी वागत नाहीत.

हा प्रकार आहे तरी काय?

बीट म्हणजे नुसता ठेका नव्हे. रॅप करणाऱ्याच्या किंवा गाणाऱ्याच्या मागे जे काही वाजतं, ते सगळं मिळून बीट. त्यात ढोलासारखा खाली धपकणारा ठोका म्हणजे किक, टाळीसारखा स्नेअर, ताशासारखी वर किणकिणणारी हाय-हॅट, खर्जातला बेस आणि वर सुरांची एखादी छोटी ओळ. जुन्या गाण्याचा तुकडा उचलून, कापून, उलटासुलटा करून नव्याने मांडला, तर त्याला ‘सॅम्पल’ म्हणतात.

या उद्योगाचं माहेर न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी कूल हर्क या तरुणाने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या. गाण्यातला नुसत्या तालवाद्यांचा तुकडा आला की लोक बेभान नाचतात, हे त्याने हेरलं होतं. मग एकाच गाण्याच्या दोन रेकॉर्डी आलटून-पालटून वाजवत तो हा तुकडा लांबवू लागला. हिपहॉपचा जन्म याच दिवसाशी जोडला जातो. पुढे यंत्रं आली. १९८० मध्ये रोलँड कंपनीचं ‘टीआर-८०८’ आलं. त्यातल्या लांबलचक घुमणाऱ्या ठोक्यावरून आजही पोरं खर्जातल्या बेसला ‘८०८’च म्हणतात. १९८८ मध्ये आकाई कंपनीचं ‘एमपीसी-६०’ आलं. १६ चौकोनी गाद्या, त्यावर बोटं आपटायची आणि आवाज काढायचे. आता तर साधा लॅपटॉप आणि एक सॉफ्टवेअर असलं की पुरे! आपल्याकडे २०१९ साली ‘गली बॉय’ चित्रपटाने मुंबईतला रॅप घराघरांत नेला. रॅप करणारे वाढले, तसे त्यांच्यासाठी बीट रचणारेही वाढले.

रचणारे वाढले, की स्पर्धा आल्याच. कुठे सगळ्यांना एकच सॅम्पल देतात आणि ठरावीक मुदतीत त्यातून बीट काढायला सांगतात. कुठे मंचावर दोघे समोरासमोर आपली बीट वाजवतात. कुठे परीक्षक असतात, तर कुठे स्पर्धकच एकमेकांना गुण देतात. कॅनडात टोरँटो इथल्या ‘बॅटल ऑफ द बीट मेकर्स’ या स्पर्धेत बॉय-वंडा या नावाने वावरणारा तरुण तीनदा जिंकला. पुढे २००९ साली ड्रेकचं गाजलेलं ‘बेस्ट आय एव्हर हॅड’ हे गाणं त्यानेच रचलं. म्हणजे ही हौस कुणाच्या बाबतीत पोटापाण्याचा धंदाही होऊ शकते. म्हणून तर या स्पर्धांत मिळणारा शब्द खरा असणं महत्त्वाचं. खोट्या शब्दावर मुलं वर्षं घालवतात!

उंटाच्या लग्नातलं गाणं

उंटाच्या लग्नात गाढव गायला बसलं, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गाढवाने उंटाच्या रूपाची तारीफ केली, उंटाने गाढवाच्या आवाजाची. दोघेही खूश! हौशी स्पर्धांतली बरीचशी दाद याच जातीची असते. ‘तुझी ऐकली, भारी आहे, आता माझी ऐक.’ यात ऐकणं कमी आणि देणंघेणं जास्त. लग्नाच्या आहेरासारखं! इकडून जेवढ्याचं पाकीट आलं, तेवढ्याचंच तिकडे पाठवायचं.

स्पर्धकच गुण देणार असतील, तर दुसरं दुखणंही निघतं. आपल्याहून चांगल्या बीटला मुद्दाम कमी गुण द्यायचे आणि ‘ठीक वाटली’ म्हणून मोकळं व्हायचं. एकीकडे खोटी वाहवा, दुसरीकडे खोटी नाकं मुरडणं. दोन्हींमध्ये नुकसान एकच. ज्याने रात्री जागून बीट रचली, त्याला आपण नेमके कुठे आहोत हे कळतच नाही.

यावर इलाज आहेत आणि ते अवघडही नाहीत. रचणाऱ्याचं नाव झाकून बीट ऐकवायची. स्वतःला मत द्यायचं नाही. नुसता आकडा चालणार नाही, प्रत्येक बीटविषयी किमान दोन ओळी लिहायच्याच, असा नियम करायचा. आणि गुण कशाचे, हे आधी सांगायचं : ठेका किती, सूर किती, आवाजांचा मेळ किती, कल्पना किती. नियम सगळ्यांना लागू असला की खरं बोलणारा एकटा पडत नाही आणि वाईटही ठरत नाही.

कानही फसवतात

मन साफ असलं म्हणून मत बरोबर असेलच असं नाही. कानाचे स्वतःचे चकवे असतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं, की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो. आवाज वाढवला, की तोच खर्ज भरदार वाटू लागतो. साहजिकच दोन बीट एकामागून एक वाजवल्या आणि त्यातली एक थोडीशी मोठ्या आवाजात असली, तर ती ‘भारी’ वाटते. तीत वेगळं काही असतंच असं नाही, ती नुसती मोठी असते. म्हणून जाणकार परीक्षक आधी सगळ्या बीटचा आवाज सारखा करून घेतात, मग मत बनवतात.

दुसरा चकवा यंत्राचा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरमधून अगदी खालचा बेस बाहेरच पडत नाही. त्यावर ऐकून ‘बेस नाही’ म्हणणं म्हणजे काळा चष्मा घालून ‘उजेड नाही’ म्हणण्यासारखं. आपण कशावर ऐकलं, हे मत देणाऱ्याने आधी सांगावं. रचणाऱ्यानेही आपली बीट हेडफोनवर, मोबाइलवर, जमल्यास कुणाच्या गाडीतल्या टेपवर, अशी तीन ठिकाणी ऐकावी. तिसरा चकवा थकव्याचा. ओळीने २० बीट ऐकल्या, की विसाव्या बीटवाल्याचं नशीब फुटलंच! मधे कान मोकळे करावेत आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी क्रम उलटा करून पुन्हा ऐकावं.

खोट कशी काढावी?

‘मजा नाही आली’ हे मत झालं, टीका नव्हे. त्यातून समोरच्याच्या हाती काय लागतं? काहीच नाही. कामाच्या टीकेत तीन गोष्टी असतात : कुठे, काय आणि काय करून पाहता येईल.

‘बेस बेकार आहे,’ असं म्हटलं, की भांडण होतं. ‘४० सेकंदांवर बेस सुरू झाला की किक ऐकू येईनाशी होते. दोन्ही एकाच पट्टीत घुमताहेत. किक पडते त्या क्षणी बेस थोडा खाली घेऊन बघ,’ असं म्हटलं, की काम सुरू होतं. दोन्ही वाक्यांत सत्य एकच आहे. पहिल्याने माणूस दुखावतो, दुसऱ्याने बीट सुधारते. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल आणि ताशा वेगवेगळे ऐकू येतात, कारण एक खाली बोलतो, दुसरा वर. दोघेही एकाच जागी बोलू लागले तर नुसता गलका. पोराला हे असं समजावून सांगितलं, तर तो आयुष्यभर विसरत नाही.

दुसरं पथ्य : आधी विचारावं, मग बोलावं. डेट्रॉइटचा जे डिला हा बीट रचणाऱ्यांच्या जगात मोठ्या मानाचा माणूस. यंत्राने ठोके मोजूनमापून सरळ रेषेत बसवायची सोय असताना तो ते मुद्दाम किंचित मागेपुढे ठेवायचा. त्यामुळे त्याची बीट डुलत चालल्यासारखी वाटते. अपुऱ्या कानाचा परीक्षक म्हणेल, ‘ताल चुकलाय!’ २००६ साली, वयाच्या ३२व्या वर्षी तो गेला. तो वापरत असे ते ‘एमपीसी’ यंत्र आज वॉशिंग्टनमध्ये, आफ्रिकी-अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात मानाने ठेवलंय. म्हणून ‘हा ठोका उशिरा पडतोय, तसं मुद्दाम केलंस का?’ हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर ‘हो’ असेल, तर मग ते साधलं की नाही एवढंच बोलावं. उत्तर ‘नाही, लक्षातच आलं नाही’ असेल, तर ती चूक. आवड वेगळी आणि चूक वेगळी, एवढा विवेक टीका करणाऱ्याला हवाच.

तिसरं पथ्य सगळ्यांत महत्त्वाचं : बोलावं कामाविषयी, माणसाविषयी नव्हे. क्लुगर आणि डीनिसी या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली, लोकांना त्यांच्या कामाविषयी मत सांगितल्याने काय होतं, यावरचे तोवरचे शेकडो निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरी फायदाच दिसला; पण एक तृतीयांशाहून अधिक वेळा मत ऐकून काम उलट बिघडलं होतं! लक्ष कामावरून उडून ‘मी कसा आहे’ याकडे वळलं की मताचा उपयोग घटतो, असं त्यांचं म्हणणं. ‘तुला तालच नाही’ आणि ‘तू तर जन्मजात कलाकार’ ही दोन्ही वाक्यं याच कारणाने कुचकामी. पहिल्याने पोरगा बसतो, दुसऱ्याने फुगतो. बीट मात्र होती तिथेच राहते.

आणि हो, चांगलं असेल तेही याच नेमकेपणाने सांगावं. ‘पहिल्या २० सेकंदांतली बासरी छान पेरलीय, तिला हात लावू नकोस,’ ही टीकाच आहे. काय ठेवायचं हे कळलं नाही, तर बिचारा दुरुस्तीच्या नादात चांगलंच कापून टाकायचा!

न बोललं जाणारं सत्य

एक गोष्ट मात्र मित्रमंडळीत कुणी बोलत नाही. बीटमधलं स्वतःचं किती आणि उचललेलं किती? तयार तुकडे बाजारात मिळतात. तीन तुकडे एकावर एक ठेवले, की कानाला गोड लागणारं काहीतरी तयार होतं. नियमात बसत असेल तर त्यात गैर काही नाही. पण त्यावर ‘काय रचलंस!’ म्हणणं ही फसवणूक.

सॅम्पलचा मामला तर थेट कोर्टात जाऊ शकतो. २००२ साली अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणं तुफान चाललं. त्यात वाजत होता लता मंगेशकरांचा आवाज! १९८१च्या ‘ज्योति’ चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्याचा तुकडा तसाच घेतला होता. संगीतकार बप्पी लाहिरी कोर्टात गेले आणि त्यांना श्रेय दिल्याशिवाय तो अल्बम विकायला कोर्टाने मनाई केली. हौशी पोराला कुणी लगेच कोर्टात खेचणार नाही. पण ‘हा तुकडा कुणाचा? विचारलंस का? नाव दिलंस का?’ हे त्याला पहिल्याच बीटला विचारणारा भेटायला हवा. हेही टीकेचंच काम.

घ्यायची कशी?

टीका देणं अवघड, घेणं त्याहून अवघड. त्यातही बीट रचणारा एकटा असतो. नाटक पडलं तर दहा जणांत वाटून घेता येतं. इथे रात्रीही एकट्याच्या आणि हारही एकट्याची.

पहिला नियम : ऐकताना बचाव करायचा नाही. ‘अरे, तो स्पीकरच तसा होता,’ हे वाक्य तोंडातून निघालं, की समोरचा पुढचं खरं गिळून टाकतो. ऐकायचं, लिहून घ्यायचं, ‘थँक्यू’ म्हणायचं. उत्तर द्यायचंच असेल तर दुसऱ्या दिवशी, रात्रभर झोपून.

दुसरा नियम : प्रश्न नेमका विचारायचा. ‘कशी वाटली?’ असं विचारणारा कौतुक मागत असतो आणि त्याला ते मिळतं. ‘तुझं लक्ष कुठे उडालं?’ असं विचारणाऱ्याला खरं उत्तर मिळतं.

तिसरा नियम : तिघांना विचारायचं. तिघांनी तीन वेगळ्या जागा दाखवल्या, तर ती त्यांची आवड असू शकते. तिघांपैकी दोघांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर तिथे दुखतंय हे नक्की. औषध त्यांनी सांगितलेलंच घ्यावं, असं मात्र नाही. रोग ऐकणारा ओळखतो, औषध रचणाऱ्यानेच शोधायचं असतं.

चौथा नियम : सगळं मानायचं नाही. दहा जणांचं दहा ऐकून केलेली बीट दहाही जणांची होत नाही आणि स्वतःचीही राहत नाही. टीका नाकारायचा हक्क रचणाऱ्याला आहेच. फक्त ती नीट ऐकून मग नाकारावी.

करंडकाविना स्पर्धा

खऱ्या शब्दाची किंमत मराठी माणसाला नवी नाही. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून कॉलेजच्या मुलांसाठी ‘पुरुषोत्तम करंडक’ ही एकांकिका स्पर्धा घेते. २०२२ साली अंतिम फेरीनंतर परीक्षकांनी जाहीर केलं, की करंडक देण्याच्या तोडीची एकांकिका यंदा नाही, तेव्हा करंडक कुणालाच नाही! मोठा गदारोळ झाला. काहींना हा निर्णय करंडकाची शान राखणारा वाटला, काहींना तो मुलांचा हिरमोड करणारा. दोन्ही बाजूंत तथ्य होतं. पण एक गोष्ट नक्की : मुलांना उणं काय हे नीट सांगितलं गेलं पाहिजे. ‘नाही’ म्हणणाऱ्याने ‘का नाही’ हे सांगायलाच हवं. तेवढं केलं, तर कडक परीक्षकही गुरू ठरतो. नाही केलं, तर तो नुसता दरवाजा बंद करणारा शिपाई!

आईला जे ऐकू आलं

आता त्या बारावीतल्या मुलाकडे वळू. तीन दिवस धुमसून झाल्यावर चौथ्या संध्याकाळी त्याने रागारागाने बीट स्पीकरवर लावली. आई मेथी निवडत बसली होती. तिला ना किक ठाऊक, ना ८०८. पहिला मिनिटभर तिची मान डोलत होती. मग थांबली. बीट संपली.

‘कशी आहे?’

‘छान आहे रे. पण मधल्यापासून तेच तेच झालं. मला वाटलं, आता काहीतरी येईल... आलंच नाही.’

मुलगा गप्प झाला. नेमकी तीच जागा. दीड मिनिट! परीक्षकाला विकत घेतलं असेल असं घटकाभर मानता आलं असतं. आईला कुणी विकत घेतलं होतं?

त्या रात्री पुन्हा साडेअकरा वाजले. किकला जागा देण्यासाठी बेस खाली आला. दीड मिनिटावर सगळे आवाज थांबवून त्याने चार ठोके नुसती शांतता ठेवली आणि मग बासरी एकटी आणली. आईबाबांना संगीतातलं कळायलाच हवं असं नाही. ‘व्वा, व्वा!’ नको, ‘हे सोड, अभ्यास कर’ही नको. आपलं लक्ष कुठे लागलं आणि कुठे उडालं, एवढं प्रामाणिकपणे सांगितलं तरी पुष्कळ झालं.

पुढच्या स्पर्धेत त्याचा नंबर आला का? नाही. ३७वा होता, १४वा झाला. खरी परीक्षा मात्र त्या स्पर्धेच्या आधीच होऊन गेली होती. त्याच्या जिवाभावाच्या मित्राने आपली बीट त्याला ऐकवली आणि विचारलं, ‘आग ना?’ एक शब्द बोलला असता, तर दोस्ती सुखात राहिली असती. शिवाय तो मित्र त्याच स्पर्धेत उतरणार होता. गप्प बसण्यात फायदाच होता! मुलाने दोनदा ऐकलं आणि म्हणाला, ‘सुरुवात माझ्यापेक्षा भारी आहे. पण एक मिनिट दहा सेकंदांवर स्नेअर इतका टोचतो, की कानातून हेडफोन काढावासा वाटतो. आणि ते पियानो तयार तुकड्यातलं आहे ना? मी ओळखलं, तर परीक्षकही ओळखतील.’

मित्र चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी रात्री त्याने नवी बीट पाठवली. स्नेअर मऊ झाला होता, पियानो गेलं होतं. त्या जागी त्याने आजोबांच्या जुन्या पेटीवर स्वतः वाजवलेले चार सूर होते. खाली एकच ओळ : ‘आता सांग. खरं सांग.’

निकालात मित्र नववा आला. याच्याहून पाच जागा पुढे! मुलाला वाईट वाटलं का? थोडं वाटलंच. पण पुढची बीट तयार झाल्यावर चाळिसांपैकी कुणालाच त्याने ती ऐकवली नाही. आधी आईला ऐकवली, मग त्या मित्राला.